काळा दगड

"तो दगड बुडाला की ओढा ओलांडायचा नाही गं," कर्जतजवळच्या कोंदिवडे गावातल्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या.

राजमाची किल्ल्याच्या ट्रेकला निघालो, तेव्हा सकाळी ओढ्याचं पाणी घोट्याएवढं होतं. कोंडाणे लेण्यांपर्यंत पोचलो, तिथे चक्क ऊन, पण वर राजमाचीच्या बाजूला आभाळ काळंकुट्ट, मग मीच म्हटलं फिरूया मागे, दोघं जाम वैतागले.

ओढ्यापाशी आलो तर दगडाचं टोक तेवढं दिसत होतं. हात धरून पलीकडे आलो, कोणी काहीच बोललं नाही.

राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, राहिलेच. पण ट्रेक ठरवताना आम्ही किलोमीटर बघितले, उंची बघितली, फोटो तर शंभर बघितले, घाटमाथ्यावर पडलेलं पाणी खाली कधी येतं हे एकानेही विचारलं नाही.

तुम्ही पावसाळ्यात निघायच्या आधी गावात कोणाला फोन करता का?