फिफ्टीचा भाव

आज सेन्सर साफ करून घ्यायला फोर्टात गेलो होतो. काउंटरवर कॉलेजातला एक मुलगा. नवाकोरा मिररलेस कॅमेरा गळ्यात, आता ‘फिफ्टी’, म्हणजे ५० मिमीची लेन्स, हवी होती. भाव ऐकून त्याने आधी दुकानदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मीच ठरवला होता!

परतताना लोकलमध्ये हिशेब मांडत बसलो. कॅननची ईएफ (जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या माउंटची) ५० एफ १.८ एसटीएम २०१५ साली आली तेव्हा १२५ डॉलरला होती. २०२० मध्ये आरएफ माउंटची, म्हणजे मिररलेसला थेट बसणारी आली, १९९ डॉलरला. वजन तेच, १६० ग्रॅम. काचा तेव्हाही सहा, आताही सहा. फक्त एक अॅस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या वक्राची) झाली आणि सेटिंग बदलायची एक कंट्रोल रिंग आली. हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचं, आडवा उजेड अडवणारं) तेव्हाही वेगळं विकत घ्यायचं, आजही तेच. (त्या प्लास्टिकच्या वाटीचा राग माझा जुनाच आहे.)

महागड्या ५० एफ १.२ला मात्र मी नावं ठेवणार नाही. जुन्या ईएफमध्ये आठ काचा होत्या, आरएफमध्ये पंधरा. ९५० ग्रॅमचं धूड आहे, पण पूर्ण उघड्या अॅपर्चरलाही कडेपर्यंत धारदार. लग्नं शूट करणारा ते पैसे सीझनमध्ये वसूल करतो. चटका बसतो तो स्वस्तातली घेणाऱ्याला.

दुकानदाराने कपाटातून जुनी ईएफ काढून दाखवली. ती मिररलेसला जोडणारा अॅडॉप्टर धरून बेरीज जवळपास नवीएवढीच. मुलगा म्हणाला, “काका, पप्पांना फोन करून येतो,” आणि बाहेर गेला. माझा कॅमेरा साफ होईपर्यंत तरी आला नव्हता.