आमची वाटचाल: आधी पडायला शिका

२०११ला मी आणि माझ्या पार्टनरने पुण्यात क्लाइंबिंग शिकवायला सुरुवात केली तेव्हा आमचं भांडवल म्हणजे ६० मीटरचे दोन डायनॅमिक (झटका बसला की ताणणारे) रोप, बारा क्विकड्रॉ (रोप कातळाला अडकवायच्या क्लिपा), हातोडा, थोडे पिटॉन (भेगेत ठोकायचे खिळे) आणि एक सेकंडहँड ड्रिल मशीन. ते ड्रिल अजून आहे, हँडलला सायकलची ट्यूब गुंडाळलेलं, मी कुणाला हात लावू देत नाही.

पहिल्या दिवसापासून आमचा एकच हट्ट, लीड करायच्या, म्हणजे रोप वाटेत अडकवत सगळ्यात पुढे चढायच्या, आधी पडायला शिकायचं. कातळावर हातांच्या आधी डोकं दमतं हे नागफणीचा कडा, वानरलिंगीचा सुळका केलेल्यांना काय सांगायचं. शेवटचा बोल्ट (कातळात पक्का बसवलेला, रोप अडकवायचा खिळा) दोन मीटर खाली राहिला की पडल्यावर चार मीटर तर जाणारच, वर ढील आणि रोप ताणतो ते वेगळं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की समोर मूठभर पकड असून हात पुढे जात नाही. म्हणून चार रविवार फक्त फॉल, आधी बोल्ट छातीशी असताना, मग कमरेशी, मग पावलाशी.

२०१६ला आमच्याकडेच बिले (चढणाऱ्याचा रोप खालून धरणं) शिकलेला एक मुलगा आमच्या बॅचचे नंबर घेऊन गेला आणि स्वस्तात रॅपलिंग (रोपवरून कडा उतरणं) सुरू केलं. वर सांगत सुटला की तिकडे माणसं मुद्दाम पाडतात. आठवड्यात तीन कंपन्यांची बुकिंगं गेली. आणि हा स्वतः रॅपलिंगच्याच स्टॅटिक रोपवर पोरांना लीड करायला लावायचा, अरे तो रोप जवळजवळ ताणतच नाही, सगळा झटका कमरेत आणि बोल्टवर बसतो! ते आठवलं की अजून डोकं फिरतं. पाच महिने भाडं थकलं, पार्टनर नोकरीला लागला (त्याला दोष नाही, घरी लहान पोर होतं), ड्रिलला गिऱ्हाईकही येऊन गेलं.

तेव्हा टिकल्या फक्त बँकेतल्या काकू, वय ४९. तिसऱ्या बोल्टच्या वर अडकल्या, उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडत होता, बोटांवरच्या चॉक पावडरचा घामाने चिखल झालेला. मी खाली बिलेवर. एवढंच म्हटलं, काकू, श्वास सोडा.

"पडू का रे?"

"पडा."

पडल्या. लटकून बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "परत वर जाते." पुढच्या रविवारी बँकेतल्या चौघींना घेऊन आल्या, सगळ्यांची फी आगाऊ. त्यातून भाडं फिटलं.

नंतरची वर्षं बरी गेली.

नवीन दुकान टाकणाऱ्यांनो, प्रत्येक रोपची वही ठेवा, मोठा फॉल झाला की त्याच दिवशी लिहा. आपल्या बसाल्टवर पकड ओढायच्या आधी मुठीने ठोका, पोकळ वाजली तर सोडा. आणि घाबरलेल्याला खालून "काही होत नाही, जा" असं ओरडू नका, त्याला रोप जरा घट्ट घेऊन दाखवा.

काकू आता रिटायर झाल्यात. नव्या पोरांच्या पहिल्या फॉलला बिलेवर त्याच असतात. पोरगं वरून विचारतं पडू का, आणि काकू रोपवरचा हात न हलवता म्हणतात, "धरलंय."