‘निष्क्रिय’ अहवाल आणि तरुण यकृत

खानापूर तालुक्यातील माझ्या पुतण्याला हिपॅटायटिस ‘बी’ असल्याचे शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीकडून कळले. पुढच्या तपासण्यांत एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) सामान्य आणि विषाणूचे प्रमाण दर मिलिलिटरला 2,000 आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा कमी आढळल्याने संसर्ग ‘निष्क्रिय’ ठरला, आणि घरच्यांनी विषय तिथेच मिटवला. हीच गोष्ट मला अस्वस्थ करते.

विषाणू निष्क्रिय असला तरी यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याची जनुकीय सामग्री टिकून राहते आणि तो पुन्हा सक्रिय होऊ शकतो; शिवाय एएलटी त्या दिवसाची स्थिती सांगते, आधी साचलेली तंतुमयता (यकृतातले व्रणासारखे कडक ऊतक) सांगत नाही, त्यामुळे सामान्य अहवाल असलेल्या काही तरुणांच्या यकृतातही इजा सापडते. एका अहवालावर शिक्का मारणे मला तर धोक्याचेच वाटते. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी आणि नंतर सहा ते बारा महिन्यांनी एएलटी व विषाणूचे प्रमाण पाहावे, यकृताचा ताठरपणा फायब्रोस्कॅनने मोजावा. दारू, वाढते वजन आणि मधुमेह ही इजा वाढवतात.

2018 पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. आमच्या वहिनींना मात्र ‘लग्न कसं जमणार?’ ही चिंता अधिक आहे. जोडीदाराला लस देता येते, बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत पहिला डोस देता येतो, आणि एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत आहे.