सांगता न येणारे शिल्प

शुक्रवार, रात्री

बैठकीहून परतून दोन तास झाले, तरी मृणालिनी मुखर्जींची शिल्पे डोळ्यांपुढून हलत नाहीत. आणि त्यांच्याविषयी सांगता सांगता मध्येच गप्प झालेली माझी मैत्रीणही हलत नाही.

आमच्या बैठकीचे स्वरूप साधे आहे. दर शुक्रवारी स्टुडिओतले काम आवरले की आम्ही सहा-सात जण तिथेच जमिनीवर बसतो आणि ज्याची पाळी असेल त्याने स्वतःला नव्याने सापडलेल्या एका कलावंताची ओळख इतरांना करून द्यायची. अट एकच: आधी शब्द, मग छायाचित्र. पूर्वी ही अट नव्हती. तेव्हा फोन हातोहात फिरायचा, दहा मिनिटांत वीस कलाकृती नजरेखालून जायच्या, ‘भारी’ असा एक उद्गार निघायचा आणि दुसऱ्या दिवशी कोणाला काही आठवत नसे. अट घातल्यापासून प्रत्येक जण तयारी करून येतो, कारण ज्या कामाचे वर्णन करायचे ते काम आधी स्वतः अर्धा तास तरी पाहावे लागते.

गेल्या महिन्यात माझी पाळी होती आणि मी तेहचिंग शिए यांच्याविषयी बोलले होते. तैवानमध्ये जन्मलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या या कलावंताने ११ एप्रिल १९८० पासून पूर्ण एक वर्ष, दिवसरात्र, दर तासाला, कारखान्यातल्या हजेरीच्या घड्याळात कार्ड घालून वेळ नोंदवली आणि प्रत्येक नोंदीच्या वेळी कॅमेऱ्याने स्वतःची एकेक चौकट टिपली. आरंभी त्यांनी डोक्याचे मुंडण केले होते. त्यामुळे त्या चौकटी सलग पाहताना अवघ्या सहा मिनिटांत वर्षभराचे केस वाढलेले दिसतात. एकूण ८,७६० नोंदींपैकी १३३ हुकल्या आणि त्या का हुकल्या याचाही त्यांनी चोख हिशेब ठेवला: ९४ झोपेमुळे, २९ उशिरामुळे आणि १० वेळेच्या आधीच कार्ड घातल्यामुळे. (त्या दहा नोंदी मला सर्वांत जास्त आवडतात. माणसाला झोप लागणे समजू शकते. पण वाट पाहवत नाही म्हणून चूक होणे यात काही वेगळेच आहे.) मी बोलणे संपवले तेव्हा कोणी छायाचित्र मागितलेसुद्धा नाही आणि त्याचा मला त्या रात्री मोठा अभिमान वाटला होता.

आज मात्र तो अभिमान थोडा खटकू लागला आहे.

मैत्रिणीने सुरुवात व्यवस्थित केली. मृणालिनी मुखर्जींचा जन्म १९४९चा, वडील चित्रकार बिनोदबिहारी, ज्यांनी दृष्टी गेल्यानंतरही कागदाची कोलाजे करणे सोडले नाही, बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिक्षण. मग तागाचा दोर, त्याला दिलेले रंग, माग न वापरता हातांनी मारलेल्या हजारो गाठी आणि त्या गाठींतून उभी राहिलेली, माणसाहून उंच शिल्पे. पूर्वरेखाटन नाही, हेही तिने आवर्जून सांगितले. इथपर्यंत सारे ठीक होते. ‘पण दिसते कसे?’ असे कोणीतरी विचारले आणि ती अडली. ‘फूल आहे. म्हणजे शरीरही आहे. देवताही म्हणता येईल, पण मूर्ती नव्हे,’ असे म्हणून तिने हाताने हवेत काहीतरी आकार काढला आणि थांबली. ‘म्हणजे कुंड्या टांगायला मॅक्रमे करतात तसेच ना?’ असे एकाने विचारले. आम्ही हसलो. मीही हसले, ही नोंद इथे असलेली बरी.

मग तिने काही न बोलता ‘वनश्री’चे छायाचित्र पुढे ठेवले. १९९४चे काम. घड्यांवर घड्या, त्यांच्या आत आणखी घड्या, आणि दोराचे असूनही ओठांसारखे, कातडीसारखे, सालीसारखे दिसणारे ते सारे. हसू जिथल्या तिथे विरले, पण मला त्याहून जास्त टोचली ती निराळीच गोष्ट. मैत्रिणीकडे शब्द कमी होते असे नाही. त्या शिल्पाला सांगता येईल असा गाभा वेगळा काढून देता येत नाही, कारण त्याचा गाभा त्याच्या बाहेर कुठे नाहीच.

घरी आल्यावर मी वहीतली माझी वर्षभराची यादी काढून पाहिली. शिए. १९६५ मध्ये एकपासून अंक रंगवायला घेऊन २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ५६,०७,२४९ या अंकापर्यंत पोहोचलेले रोमान ओपाल्का. न्यूयॉर्कच्या सुमारे साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन करणाऱ्या मियर्ल लेडरमन युकेलेस. जोडीदाराच्या १७५ पौंड वजनाइतक्या, खायच्या गोड गोळ्यांचा ढीग दालनाच्या कोपऱ्यात मांडून पाहणाऱ्यांना एकेक उचलू देणारे फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस. एकूण एक कलावंत असा की त्याचे काम एका वाक्यात मावते आणि ते वाक्य ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणते. यात त्या कलावंतांना काही कमीपणा नाही. गोळ्यांचा तो ढीग कमी होत जातो, पुन्हा भरला जातो, वेगवेगळ्या ठिकाणी नव्याने मांडला जातो. सांगण्याजोगे असणे हा त्याच्या घडणीचाच भाग आहे. प्रश्न माझ्या निवडीचा आहे. मी कलावंत शोधत होते की शुक्रवारी रंगवून सांगता येतील अशा गोष्टी?

एल अनात्सुई यांच्या बाबतीत तर आम्ही सगळ्यांनीच हे केले. कारकिर्दीचा बराच काळ नायजेरियात राहून काम केलेल्या या घानाच्या शिल्पकाराला मद्याच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली एक थैली सापडली, पुढे ती झाकणे चेपून तांब्याच्या तारेने एकमेकांत गुंफत त्यांनी भिंती व्यापणारी पटले केली, ही हकिकत ऐकताच आम्ही ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून मोकळे झालो. वास्तविक त्या पटलांना ठरलेला आकारच नसतो. टांगणाऱ्याने जशा चुण्या पाडाव्यात तसे प्रत्येक प्रदर्शनात ते निराळे होते. आफ्रिका, युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या जुन्या व्यापारात मद्याची काय भूमिका होती, तेही त्या झाकणांत आहे. पण थैलीची गोष्ट इतकी सुबक होती की तिच्यापुढे आम्हाला काही पाहावेसेच वाटले नाही.

शनिवार, संध्याकाळी

सुतळीचे एक बंडल आणले आणि दुपारभर स्टुडिओत गाठी मारत बसले. चार धागे घेतले, मधले दोन ताणून धरले आणि कडेच्या दोघांनी त्यांच्याभोवती अर्धी गाठ मारत गेले. दहा-बारा गाठी झाल्या नाहीत तोच पट्टीने आपणहून पीळ घ्यायला सुरुवात केली. मला ती सरळ हवी होती. बऱ्याच वेळाने लक्षात आले की मी प्रत्येक गाठ एकाच बाजूने मारत होते. बाजू आलटून पालटून बदलली की पट्टी सपाट राहते, आणि ताण कमीजास्त केला की ती वाकते. म्हणजे आकार कागदावर आधी ठरवून सुतळीला सांगता येत नाही. तो गाठीगाठीला तिच्याशी वाटाघाटी करून मिळवावा लागतो. पूर्वरेखाटन नव्हते, या माहितीवर काल मी मान डोलावली होती. तिचा अर्थ आज बोटांची साले निघाल्यावर लागला. तीन तासांत माझे वीतभर काम झाले.

मैत्रीण पाचच्या सुमारास आली. कालचे हसणे माझ्या मनात होते, म्हणून मी आधी तेच काढले, पण तिने ते ऐकून घेतल्यासारखे दाखवले नाही. माझ्या हातातली पट्टी घेऊन तिने शेवटच्या चार ओळी उसवल्या, पुन्हा सैलसर बांधल्या, वरच्या ओळी अंगठ्याने दाबून घट्ट केल्या आणि ती टेबलावर ठेवली. पट्टी जरा कलंडली आणि मग पाकळीसारखी वळून, कशाचाही आधार न घेता उभी राहिली.

‘काल हे सांगायचे होते,’ ती म्हणाली.