केकसाठीची केळी अढीत

खायला चांगलं केळं केकला चालत नाही. कच्च्या केळ्याच्या गरात 20 टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो आणि पिकताना त्याची साखर होत जाते. साल पिवळी झाली म्हणजे हे काम संपलं असं नाही. देठाकडे बघा. तो हिरवट असेल तर थांबा. देठ मऊ पडला, साल ठिपक्यांनी भरून पातळ झाली, सोलल्यावर गर मधासारखा ओलसर दिसला आणि खोलीभर वास सुटला, की ते केळं केकचं.

आमच्या बेळगावच्या शहापुरात आंब्याच्या दिवसांत खानापूरकडून भाताचं पिंजर, म्हणजे वाळलेला पेंढा येतो. त्यात फळं पिकत घालायची, ती अढी. आंबे संपले तरी मी अढी मोडत नाही, त्यातच जवारी, म्हणजे गावठी केळी घालते. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि तो अढीत कोंडून राहतो, म्हणून फळं लवकर पिकतात. बाजारात पिकवायलाही याच वायूची 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी आहे. बंदी आहे ती कार्बाइडवर. द्राक्षं, अननस, स्ट्रॉबेरी मात्र अढीत घालू नका, तोडल्यावर ती काही गोड होत नाहीत.

थंडीत आपल्याकडे रात्री चांगलाच गारठा पडतो. 13 अंशांच्या खाली केळ्याचं पिकणं अडतं आणि साल काळवंडते, म्हणून तेव्हा मी ती तांदळाच्या डब्यात पुरते. कच्ची केळी फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नयेत. घाई असली की ओव्हनमध्ये साल काळी करून घ्या, असं बरेच जण सांगतात. गर मऊ होतो हे खरं, पण जी गोडी यायला दिवस लागतात ती अर्ध्या तासात कुठून येणार? मला तो केक फिकाच लागतो.

पिकलेली सगळी केळी एकदम वापरून होत नाहीत, आणि पावसाळ्यात चिलटं लगेच घोंगावतात. मग सोलून, कुस्करून, थोडं लिंबू पिळून एकेका केकपुरता गर पिशवीत भरायचा, हवा काढून पिशवी चपटी करायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायची. दोन-तीन महिने छान राहतो. आंब्याचा रसही असाच ठेवते, पण तो खाण्याजोगा पिकला की लगेच. आंबा जास्त पिकला तर आंबूस लागतो.

वितळल्यावर केळ्याला पाणी सुटतं. ते ओतून टाकू नका, त्यात साखर आणि वास दोन्ही असतात. मी ते पिठातच घालते आणि दूध तेवढं कमी करते.