सुटलेलं बटण

शर्टाचं एक बटण तीन आठवडे माझी वाट बघत होतं. शर्ट खुर्चीच्या पाठीवर, बटण त्याच्याच खिशात आणि सुई-दोरा हाताच्या अंतरावरच्या कपाटात. काम पाच मिनिटांचं. रोज रात्री मी त्या शर्टाकडे बघायचो, ‘उद्या’ म्हणायचो आणि फोन घेऊन आडवा व्हायचो. मग तासभर अंगठा चालू. त्यात फार मजा यायची म्हणावं तर तसंही नाही, बहुतेक वेळा चिडचिडच व्हायची. तरी अंगठा काही थांबायचा नाही.

ज्यात मजा नाही ते तासभर करायचं, आणि जे केल्यावर बरं वाटणार हे पक्कं ठाऊक आहे त्याला हात लावायचा नाही, हा काय प्रकार आहे? मी इतके दिवस याला आळस म्हणत होतो. पण आळशी माणसाचा अंगठासुद्धा आळशी असायला हवा ना?

आपल्याकडे दोन शब्द आहेत, ओढ आणि गोडी. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी खुशाल वापरतो. मेंदूत मात्र दोघांची बिऱ्हाडं वेगळी आहेत.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. १९५४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून त्यातून सौम्य वीज सोडली होती. एका उंदराची तार चुकून भलत्याच जागी बसली. तर हा पठ्ठ्या, जिथे वीज मिळाली त्याच कोपऱ्यात परत परत जायला लागला. पुढे उंदरांना स्वतःच कळ दाबून वीज घ्यायची सोय करून दिली, तेव्हा काही जण तासाभरात हजारावर वेळा कळ दाबत बसले. मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं, असा मग बोलबाला झाला. ते वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सुखी उंदीर काही येईना. माझा अंगठा आला.

पुढे केंट बेरिज या अमेरिकी संशोधकाने याची उलटी बाजू दाखवली. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलेलं आहे, ते समोर ठेवलेल्या अन्नाकडेही जात नाहीत. नळीने भरवलं नाही तर उपाशी मरतील. पण त्यांच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला, की ते धडधाकट उंदरासारखेच ओठ चाटतात. गोडी शाबूत, ओढ तेवढी गेलेली. डोपामिनला आपण उगाच ‘आनंदाचं रसायन’ म्हणतो. ते तर नुसतं ‘चल, ऊठ’ म्हणणारं रसायन.

शिवाय त्याला नवलाची चटक. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूच्या अभ्यासकाने माकडांना रस पाजून पाहिलं. अवचित रस मिळाला, की डोपामिनच्या पेशी सळसळतात. रसाआधी एक खूण दाखवायची सवय लावली, तर पेशी त्या खुणेलाच सळसळतात, प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म. आणि खूण दाखवूनही रस दिला नाही, तर तो यायचा त्या नेमक्या क्षणी गप्प होतात. आता या हिशेबात माझ्या बटणाने काय करावं? बटण शिवलं की बटण लागतं, त्यात नवल ते काय? फोनवर मात्र पुढच्या घडीला काय येईल याचा नेम नाही.

मला गंमत वाटते ती आपल्या व्याकरणाची. आपल्याला राग येतो, कंटाळा येतो. हुरूपही येतो. जणू पाहुणाच, आणि यजमानाने काय करायचं, तर दाराकडे डोळे लावून बसायचं. मी तीन आठवडे बसलो होतो.

शेवटी एका रात्री फोनची बॅटरी संपली आणि चार्जर सापडेना. निरुपाय म्हणून कपाट उघडलं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईच्या नेढ्याशी नेलं. हुकलं. दिव्याखाली जाऊन पुन्हा. त्याचे दोन धागे फुटले, एक आत, एक बाहेर. टोक कापून तिसऱ्यांदा घातलं आणि सुर्रकन गेलं. त्या क्षणी जे वाटलं, ते आधीच्या वीस रात्रींत एकदाही वाटलं नव्हतं. हुरूप आला होता, पण काम निम्मं झाल्यावर, अंमळ उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा.

बटण लागलं. मग बाहीचं एक लोंबत होतं, तेही लावलं. दोरा बराच उरला होता. कपाटातले सगळे शर्ट बाहेर काढून एकेक बटण तपासलं. एकही सैल निघेना. एक तर मी जरा जोर लावून ओढूनही पाहिलं.