आत्याची आजची सोनोग्राफी

आत्याची सोनोग्राफी आज नीट पार पडली. जांघेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे सगळ्यांनाच असतात त्या लसिकेच्या गाठींत, नवीन काही नाही. फोन करणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगतेय.

टाचेवरचा काळा डाग मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, निघाला, तेव्हा घरात कुणी हे नावही ऐकलं नव्हतं. गोऱ्या लोकांत हा कॅन्सर बहुधा उन्हाने होतो. आपल्याकडे तळपायावर, नखाखाली जास्त दिसतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो.

मी डॉक्टरांना विचारलं, गाठींत परत येईल का हे आधी कळतं का? खात्रीने नाही, अंदाज बांधता येतो, म्हणाले. डाग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला, त्यावर जखम झाली होती का, आणि सर्वांत महत्त्वाचं, सेंटिनल नोडमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या का. डागाकडून येणारा लसिकेचा (अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाचा) प्रवाह ज्या गाठीत आधी पोचतो, ती ही गाठ. निळा रंग आणि किरणोत्सारी औषध टोचून ती शोधतात. आत्याच्या गाठीत अगदी थोड्या पेशी होत्या.

पूर्वी अशा वेळी जांघेतल्या सगळ्याच गाठी काढत. २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: तसं केल्याने रुग्ण जास्त जगत नाहीत, हातपाय सुजण्याचा त्रास मात्र २४ टक्क्यांना होतो, नुसतं लक्ष ठेवलं तर ६ टक्क्यांना. म्हणून आत्याच्या सगळ्या गाठी काढल्या नाहीत; तिचा पाय या सुजेपासून वाचला तो या चाचणीत सामील झालेल्या अनोळखी रुग्णांमुळे. त्यांचे फार उपकार वाटतात.

पुढची सोनोग्राफी चार महिन्यांनी.